डागाला दोन वर्षांची हमी

वॉरिकच्या बोअरच्या लोहयुक्त पाण्याचे डाग पडत नाहीत. हे मान्य केल्याशिवाय सेफ्टी बेमधल्या त्या सतरा नंबरच्या घरात कोणाला जेवायला वाढत नाहीत. घराच्या भिंती गुडघ्यापर्यंत नारिंगी आहेत, कुंपण नारिंगी आहे, टपालाची पेटी नारिंगी आहे. त्या घरचा पांढरा कुत्रा होता तोही शेवटी शेवटी एका अंगाने नारिंगी झाला होता. पण ते डाग नव्हेत.

"चुनखडीचा मूळ रंग आहे तो," वॉरिक सांगतो.

भिंती विटांच्या आहेत.

वॉरिक म्हणजे ब्रॉन्टीचा बाप, आणि ब्रॉन्टीशी माझं लग्न येत्या एप्रिलमध्ये व्हायचं ठरलं होतं. लग्नानंतर राहायचं कुठे, एवढाच प्रश्न उरला होता. एक सोय माझ्या आईच्या घरी होती, तिच्या व्यायामाच्या सायकलीशेजारी. ती पहाटे पाचला सायकल चालवते आणि चालवताना जुनी प्रेमगीतं म्हणते. दुसरी सोय म्हणजे वॉरिकच्या परसातली खोली. वेगळं दार, वेगळं न्हाणीघर, खिडकीत लिंबाचं झाड. त्या खोलीचा विषय निघाला की वॉरिक उठून बोअरचा पंप तपासायला जायचा.

जानेवारीअखेर त्याने आपल्या यूटला, म्हणजे मागे हौदा असलेल्या त्याच्या लाडक्या गाडीला, नवी चाकं बसवली. करड्या रंगाची, सॅटिन फिनिशची. सॅटिन म्हणजे ना धड चकचकीत, ना धड मंद. नुकत्याच धुतलेल्या, अजून न पुसलेल्या स्टीलच्या ताटलीसारखी. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ओव्हलवर, म्हणजे गावच्या क्रीडांगणावर, गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि वॉरिकला त्यात उतरायचं होतं.

तो शेगडीवर सॉसेज परतत असताना मी तोंड उघडलं. तिथेच सगळं चुकलं.

"सॅटिन आहे, वॉरिक. पॉलिश लावू नका हं. लोक पॉलिश मारतात आणि वाट लावतात."

"तुला येतं?"

"येतं म्हणजे, तसं..."

टेबलाखालून ब्रॉन्टीने लाथ मारली.

"येतं," मी म्हणालो.

वॉरिकने सॉसेज उलटं केलं. "मग कर तू. रविवारी चाकं बघू, मग खोलीचं बघू."

माझं ज्ञान कुठून आलं हे कबूल करायला हवं. मी व्हिडिओ बघतो. स्वतःची गाडी धुत नाही, पण दुसऱ्यांना धुताना बघणं मला फार आवडतं. त्यामुळे मला सगळं ठाऊक होतं: साधा सौम्य साबण, मऊ ब्रश, ब्रेकच्या काळ्या भुकटीवर फवारल्यावर जांभळं होणारं ते औषध, आणि शेवटी सॅटिनसाठीचं खास संरक्षक लेपन. बाटलीवर लिहिलं होतं: दोन वर्षं टिकणार. आणि खाली बारीक अक्षरात: लावल्यावर दिवसभर पाणी लागू देऊ नये.

गुरुवारी वॉरिक मित्राच्या गाडीतून लॅन्सलिनला शेवंडं पकडायला गेला. जाताना किल्ली हातात देत म्हणाला, "यूट हिरवळीवर धू. पाणी गवताला जाऊ दे."

मी सगळं नियमाने केलं. बोअरच्या नळाकडे बघितलंसुद्धा नाही, स्कीमचं म्हणजे प्यायचं पाणी वापरलं. औषध जांभळं झालं, भुकटी वाहून गेली, चाकं अशी दिसायला लागली की मी ब्रॉन्टीला बाहेर बोलावलं.

"बघ."

"काय बघू?"

"काही दिसत नाही ना? तेच बघ."

"फर्गस, तुला कोणीतरी नोकरी द्यायला हवी," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी लेपन लावलं. यूट तिथेच, हिरवळीच्या फुटपाथकडच्या कडेला ठेवली. हलवायची गरजच नव्हती, कारण स्प्रिंकलर शनिवारी आपोआप सुरू होणार होते. मी जन्मापासून चौतीस नंबरच्या घरात राहतो. घराच्या नंबरातल्या शेवटच्या आकड्यावरून बागेला पाणी द्यायचे सरकारी वार ठरतात हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. आमचे मंगळवार आणि शनिवार. इथल्या माणसाला स्वतःचा रक्तगट माहीत नसतो, पण पाण्याचे वार झोपेतही सांगता येतात. मी त्या रात्री वॉरिकच्या सोफ्यावर मंगळवार-शनिवार म्हणत शांत झोपलो.

सतरा नंबरचे वार मंगळवार आणि शुक्रवार आहेत.

शुक्रवारी सकाळी बाहेर आलो तर हिरवळीकडची दोन्ही चाकं झोपेत गोवर आल्यासारखी दिसत होती. नारिंगी ठिपके, प्रत्येक ठिपक्याला गडद कडा. लेपन ओलं असतानाच बोअरचं पाणी त्यावर बसलं, वाळलं आणि लेपनात मुरलं. फुटपाथकडची दोन चाकं मात्र निर्मळ होती. म्हणजे लेपनाने आपलं काम चोख केलं होतं. दोन चाकं डागांपासून सुरक्षित होती आणि दोन चाकांचे डाग सुरक्षित होते.

मी व्हिनेगर लावून पाहिलं. लिंबू लावून पाहिलं, त्याच खिडकीतल्या झाडाचं. जांभळं औषध परत लावलं, ते जांभळं झालं, डाग नारिंगी राहिले, आणि थोडा वेळ ते चाक एखाद्या फुटबॉल संघाच्या जर्सीसारखं वाटलं.

"बाबांना सरळ सांग," ब्रॉन्टी म्हणाली. "चूक झाली म्हणावं."

"काय सांगू? बोअरचे डाग पडले?"

त्या घरात ते वाक्य कोणी म्हटलेलं नव्हतं. ब्रॉन्टीच्या आत्याने एकदा म्हटलं होतं. ती आता टास्मानियात राहते.

"मग सायकलीशेजारी झोपायची तयारी ठेव," ब्रॉन्टी म्हणाली. "मी नाही हं येणार. तुझी आई फार वरच्या पट्टीत गाते."

शनिवारी दुपारपर्यंत मी तेच केलं जे न करण्याचा उपदेश मी सॉसेजच्या साक्षीने केला होता. पॉलिश घेतलं. एकच ठिपका, अगदी खालचा, कोणाला न दिसणारा. बोटभर फडक्याने घासला आणि डाग गेला. सोबत सॅटिनही गेलं. पन्नास सेंटच्या नाण्याएवढी जागा आरशासारखी लखलखायला लागली. मी वाकून बघितलं तर त्यात एक मूर्ख दिसला. चांगला स्पष्ट दिसला. पॉलिश उत्तम होतं.

अशा वेळी शहाणा माणूस थांबतो. मला त्याऐवजी कल्पना सुचली. दोन चाकं नारिंगी आणि दोन करडी असली तर अपघात दिसतो. चारही नारिंगी असली तर तो रंग होतो! मी यूट उलटी फिरवून लावली, निर्मळ बाजू हिरवळीकडे केली, आणि बोअर हाताने चालू केला.

पंप घरघरला. स्प्रिंकलर फिरले. पाणी चाकांवर पडलं, त्याचे मण्यांसारखे गोल थेंब झाले, आणि सगळे घरंगळून गवतात गेले. एक थेंब टिकला नाही. मी पाणी वाढवलं, बादलीने ओतलं, शेवटी हाताने चोळलं. तोवर लेपन पक्कं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम इतकं नीट केलं होतं की ते मलाही बिघडवता येईना.

"शनिवार आहे," मागून आवाज आला.

वॉरिक फाटकात उभा होता. हातातल्या बादलीत शेवंडं सळसळत होती.

"हो," मी म्हणालो. मी गुडघ्यांवर होतो, नखशिखांत भिजलेला, त्याच्या चाकाला मिठी मारून.

"सतराचे वार मंगळवार, शुक्रवार."

"आता कळलं."

त्याने जाऊन पंप बंद केला. मग यूटभोवती फिरून आला, पलीकडच्या दोन चाकांपाशी जरा रेंगाळला, आणि आत जायला निघाला.

"वॉरिक, चाकांचं जरा..."

"चाकं रविवारी बघू म्हटलं होतं," तो म्हणाला. "आज शनिवार."

रविवारी ओव्हलवर त्याने स्वतः यूट लावली. नारिंगी बाजू कुंपणाकडे करायची सोय होती, मी हातवारे करून सुचवलंही. त्याने ती लोकांकडे केली. ग्लेनिस नावाच्या परीक्षकबाई पांढरे हातमोजे घालून आल्या, चटई टाकून चक्क आडव्या झाल्या आणि त्यांनी डाव्या चाकावरून बोट फिरवलं.

"अरे देवा. वॉरिक, हे तर बोअरचे डाग."

आजूबाजूचे लोक सॉसेज-पाव खायचे थांबले. वॉरिकच्या मानेपासून वर एक रंग चढत गेला, साधारण भिंतीचाच. मला ती खोली दिसली, तिचं वेगळं दार दिसलं, आणि ते हळूहळू बंद होताना दिसलं.

"बोअरचे नाहीत, बाई," मी म्हणालो. "माझ्यामुळे झालेत. लेपन वाळायच्या आत ओलं झालं."

"कशाने ओलं झालं?"

"दवाने."

"फेब्रुवारीत? भर उन्हाळ्यात?"

"फार पडलं."

"आणि ते नारिंगी होतं?"

"मूळ रंग असेल त्याचा," मी म्हणालो.

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. नंतर वॉरिककडे. मग चटई गुंडाळून त्या पुढच्या गाडीकडे गेल्या. आम्हाला काहीही मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही.

गर्दी पांगली तसा वॉरिक चाकाशी उकिडवा बसला. ठिपक्यांवरून त्याने अंगठा फिरवला, जणू ते तिथे नव्हतेच. मग अंगठा त्या लखलखत्या नाण्यापाशी थांबला.

"हा कसला डाग?"

"तो मी पाडला. पॉलिशने."

"पॉलिश मारून लोक वाट लावतात असं कोण म्हणत होतं?"

"मीच."

"हं. चारी चाकांत डाग म्हणावा तर हा एकच," तो उठत म्हणाला. त्याने खिशातून एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. यूटची नव्हती.

मी काही बोलणार तेवढ्यात त्याने हात वर केला.

"वार?"

"मंगळवार, शुक्रवार."

"आणि बोअर?"

"डाग पडत नाहीत."

"चल," माझा सासरा म्हणाला. "शेवंडं उकडायची आहेत. पाणी स्कीमचं घे."