चिमणीच्या जागेवर

दुपारी सव्वातीनच्या सुमारास बसच्या शेवटच्या रांगेतलं तपकिरी पांघरूण हललं आणि त्याखालून चिमणीऐवजी एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले.

त्यांनी चष्मा पुसला, खिडकीबाहेर एक नजर टाकली, समोर उभ्या असलेल्या मेट्रनकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा आला का?"

मेट्रन चिमणीला आल्याची वडी द्यायला मागे आली होती. घाटाचा रस्ता सुरू होणार होता आणि घाटात चिमणीला मळमळतं. वडी तिच्या बोटांत तशीच राहिली. तिने पांघरूण पूर्ण बाजूला केलं, सीटखाली वाकून पाहिलं, पलीकडच्या सीटखालीही पाहिलं. साठीच्या पुढची बाई सीटखाली मावणार नाही, हे कळत असूनही पाहिलं.

"एक्सरे," तिने हाक मारली. आवाज वॉर्डातलाच होता, पण थोडा चिरकला. "चिमणी गाडीत नाही."

तिघी एकाच सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या. मेट्रनचा हुद्दा नोकरी सुटल्यावरही तिला चिकटून राहिला. एक्सरे जन्मभर लोकांची हाडं बघत आली आणि आता हाडांपलीकडचंही आपल्याला दिसतं अशी तिची समजूत आहे. चिमणी इस्पितळाच्या चादरी-कपड्यांच्या कोठीत होती. बुटकी, हळू बोलणारी, फोटोत कायम कुणाच्या तरी खांद्याआड. कँटीनमध्ये तिचा चहासुद्धा मेट्रनच मागायची.

परदेशची ही सहल एक्सरेने शोधून काढली होती. सगळ्यांत स्वस्त म्हणून. सहलीचा स्वस्तपणा पहिल्याच संध्याकाळी उघडा पडला. हॉटेलात त्यांच्या खोल्या होत्या, पण पुढच्या महिन्याच्या. बसचा एसी गार कमी आणि ओला जास्त. चौथ्या रांगेतलं जोडपं छत्री उघडून बसायचं. माइक निघाल्या निघाल्या बंद पडला, त्यामुळे गाइडचा घसा बसला होता आणि प्रेक्षणीय स्थळांची माहिती तो हातवारे करून देत होता. राजवाड्यासमोर त्याने केलेले हातवारे पाहून अर्ध्या लोकांना वाटलं, इथे संडास आहे.

असल्या कारभारात माणसं मोजायचं काम मेट्रनने आपणहून अंगावर घेतलं, आणि गाइडने तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मोजायची तिची पद्धत वॉर्डातली. दारात उभं राहायचं आणि भरलेल्या खाटा मोजायच्या. झोपलेल्या पेशंटच्या तोंडावरचं पांघरूण ओढून कुणी बघत नाही, त्याची झोप मोडते. खाट भरलेली, म्हणजे पेशंट जागेवर. इतक्या वर्षांत ही पद्धत एकदाही फसली नव्हती. त्या दुपारी जेवणाच्या थांब्यावरून निघताना तिने बसच्या दारात उभं राहून सगळ्या खाटा मोजल्या, शेवटच्या रांगेत पांघरुणाचा ढीग पाहिला, चिमणी नेहमीप्रमाणे झोपली असं मनात म्हटलं आणि ड्रायव्हरला खूण केली.

"काका, तुम्ही कोण?" एक्सरे आता मागे येऊन म्हाताऱ्यांच्या कानात ओरडत होती.

"अं?"

"तुम्ही! इथे! कसे!"

"ओरडू नका, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "मशीन बायकोच्या पर्समध्ये आहे. मी हरवेन म्हणून तीच ठेवते."

"आणि बायको कुठे आहे?"

"पुढे असेल. सकाळपासून रागावलीय. म्हणून तर मी तोंडावर पांघरूण घेऊन गप्प पडलो होतो." त्यांनी बसभर नजर फिरवली. प्रत्येक चेहरा नवा होता, पण त्याचं त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. "मला वाटलंच, आज गाडीत भांडणं कशी नाहीत."

जेवणाच्या थांब्यावर त्याच कंपनीची दुसरी बस शेजारीच उभी होती. तोच रंग, तीच तपकिरी पांघरुणं, बहुतेक तेवढेच गळके एसी. आजोबा हात धुऊन आले ते या बसमध्ये चढले आणि रोजच्या सवयीने शेवटच्या रांगेत खिडकीशी जाऊन झोपले.

आता सगळ्यांच्या लक्षात आलं. मेट्रनच्या लक्षात त्याहून जास्त आलं आणि ती मधल्या वाटेतच बसकण मारून बसली. तिच्या कंबरेच्या पाकिटात चिमणीचा पासपोर्ट होता. चिमणीचा फोन होता. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. चिमणीजवळ काय होतं? हातरुमाल.

हे सगळं मेट्रनकडे ठेवायला चिमणीच्या मुलाने सांगितलं होतं. "मावशी, तिच्याकडे काही देऊ नका, ती विसरते." वडील गेल्यापासून तो आईच्या मागे लागला होता: एकटी राहू नको, घर देऊन टाकू, आमच्याकडे ये. त्याच्याकडे स्वयंपाकघरामागची खोली रंगवून तयार होती. चिमणीला तिचं घर सोडायचं नव्हतं, पण ते मोठ्याने म्हणायचंही नव्हतं. शेवटी मेट्रनने मध्यस्थी केली आणि मायलेकांत ठरलं ते असं: आई या सहलीला जाऊन धड परत आली, कुठे हरवली-धडपडली नाही, तर तो घराचा विषय पुन्हा काढणार नाही. नाहीतर आल्या आल्या सामान बांधायचं. आणि मेट्रनने छातीवर हात मारून सांगितलं होतं, "मी आहे ना. नजरेआड होऊ देणार नाही."

"बस फिरवा," एक्सरे गाइडला म्हणाली.

"इथे वळता येत नाही, मावशी," तो बसक्या आवाजात म्हणाला. "आणि ड्रायव्हरचे आजचे गाडी चालवायचे तास संपत आलेत. परत गेलो तर तो तिथेच चावी काढून घेईल."

"मग त्या दुसऱ्या बसच्या गाइडला फोन लावा."

गाइड घुटमळला. "तो माझा मेहुणा आहे."

"मग तर बरंच झालं."

"आमचं बोलणं बंद आहे. बहिणीच्या लग्नापासून."

"अरे बाबा, मग आता सुरू कर!"

त्याने लावला. मेहुण्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तोवर बस हमरस्ता सोडून एका पेट्रोलपंपाशी थांबली होती आणि गाडीत दोन तट पडले होते. जाड अंगठ्या घातलेला एक कंत्राटदार उठून म्हणाला, "मला वाईट वाटतंय, नाही असं नाही. पण एका बाईसाठी सगळ्यांनी आजची कारंजी बघायची सोडायची का? कारंजी पाचला बंद होतात."

छत्रीवाल्या जोडप्यातली नवी नवरी एरवी नवऱ्याशिवाय कुणाशी बोलत नव्हती. ती म्हणाली, "काका, काल तुम्ही चपला घेत होतात तेव्हा अख्खी बस उन्हात उभी होती. आणि चपला घेतल्याही नाहीत."

कंत्राटदार खाली बसला.

तेवढ्यात मेट्रनच्या कंबरेला फोन वाजला. चिमणीचा. पडद्यावर मुलाचा फोटो. एक्सरेने तोंडावर बोट ठेवलं, मग हात गालाशी नेऊन डोळे मिटले: झोपलीय म्हण.

मेट्रन कधी खोटं बोललेली नव्हती असं नाही. पेशंटला धीर देताना ती पुष्कळ बोलली होती. पण चिमणीच्या फोनवर, चिमणीच्या मुलाशी खोटं बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तरी बोलून गेली.

"झोपलीय रे. गाढ झोपलीय."

"परत? कालही दुपारी झोपलेलीच होती. मावशी, तिची तब्येत ठीक आहे ना? मी म्हणत होतो, तिला झेपणार नाही."

"ठीक आहे, ठीक आहे," म्हणून तिने फोन ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. तिच्या डोळ्यांपुढे थांब्यावरचं ते मोकळं आवार येत होतं. मधोमध चिमणी, हातात रुमाल. ती कुणाला विचारणार? कुठल्या भाषेत? जिला कँटीनवाल्याला 'साखर कमी' म्हणवत नव्हतं ती!

मग गाइडचा फोन वाजला. मेहुण्याचा होता. गाइडने नमस्कारासाठी तोंड उघडलं, पण पलीकडून बाईचा आवाज आला, म्हणून फोन मेट्रनकडे दिला.

"मेट्रन का? अगं, ते आजोबा तुमच्याकडेच आहेत ना?"

आवाज चिमणीचा होता. मेट्रन शेवटच्या रांगेकडे वळली.

"उंच आहेत, चष्मा आहे, निळा स्वेटर. ऐकू कमी येतं. आहेत ना?"

"आहेत."

"आहेत हो आजी!" चिमणी पलीकडे कुणाला तरी ओरडून म्हणाली. चिमणी ओरडली हे मेट्रनने पहिल्यांदा ऐकलं. मग आजींच्या रडण्याचा, नाक शिंकरण्याचा आवाज आला. "आता बोल. त्यांना चहा द्या, त्यांची चहाची वेळ टळून गेलीय. आणि त्यांची दुपारची गोळी इकडे राहिलीय. एखादी चुकली तर चालते ना?"

"चालते. चिमणे, तू कुठे आहेस? तू कशी आहेस?"

"मी बरी आहे गं. बाथरूममधून बाहेर आले तर बस नाही. म्हटलं आधी पाणी पिऊ. पाणी प्यायले. मग बघते तर शेजारी तसलीच बस, आणि तिच्या दारात या आजी रडतायत, आमचे हे नाहीत, आमचे हे नाहीत. आणि हा गाइड म्हणतोय, येतील, इथेच असतील. मी म्हटलं, इथे नाहीत. माझी बस गेली आणि यांचे हे गेले, दोन्ही एकदमच गेलं, म्हणजे एकत्र गेलं. आपल्या कोठीत नाही का व्हायचं? बाळंतिणींच्या वॉर्डात एक चादर कमी आली की मी रडत बसायची नाही. डोळ्यांच्या वॉर्डात जायची. तिथे एक जास्त असायची."

"आणि त्याने ऐकलं?"

"कुठलं! म्हणे मेव्हण्याला फोन करणार नाही. मग मी पायरीवर उभी राहिले."

मागून मेहुण्याचा त्रासलेला आवाज आला. "अहो, या बाईंनी दार लावू दिलं नाही! ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, हॉर्न वाजवला, या आपल्या उभ्याच. मी मेव्हण्याचा फोन कापला तर फोन हातातून काढून घेतला!"

गाडीत कुणीतरी टाळी वाजवली. मेट्रनने फोन स्पीकरवर ठेवला होता, ते तिच्या आत्ता लक्षात आलं. एक्सरे तिच्याकडे बघत होती. दोघींनी मिळून चिमणीला जन्मभर सांभाळलं होतं. तिचा चहा सांगितला, तिची रजा मंजूर करून घेतली, रस्ता ओलांडताना कोपर धरलं. ती कोठीत एकटी असताना काय करायची, ते बघायला मात्र दोघींपैकी कुणी कधी गेलं नव्हतं. आणि इस्पितळातल्या सगळ्या वॉर्डांना रोज धुतलेली चादर मिळत होती.

"तू तिथून हलू नकोस," मेट्रन म्हणाली. "मी टॅक्सी करून येते."

"नको. उद्या दुपारी दोन्ही बस बोटीच्या धक्क्यावर आहेत, मी यांना विचारलं. तिथे आजोबा इकडे, मी तिकडे. आज रात्री मी आजींच्या खोलीत झोपते. त्यांना एकटं वाटेल. माझ्या पासपोर्टचा फोटो काढून या नंबरवर पाठव, हॉटेलात दाखवायला लागेल. माझ्या गोळीचं नाव लिहून पाठव, आजींकडे त्याच असतील तर घेईन."

मेट्रन "बरं" म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. एखादी नवी नर्स मेट्रनच्या पुढ्यात उभी राहून म्हणते, तसं ते "बरं" होतं.

"आणि ऐक, माझ्या मुलाचा फोन आला होता का?"

मेट्रनने स्पीकर बंद केला. "आला होता."

"काय सांगितलंस?"

"झोपलीय म्हणून सांगितलं."

चिमणी म्हणाली, "झोपलीय? अगं, मी दुपारची झोपते म्हणूनच तर तो म्हणतो, आई थकली. आजच्या दिवशी तरी सांगायचं नाहीस का, की मी जागी आहे!"

"मला वाटलं, हरवलीस हे कळलं तर..."

"हरवले नाही मी. मला माहीत होतं मी कुठे आहे. तुम्हाला माहीत नव्हतं." हे ती रागाने म्हणाली नाही. पण थांबली नाही. "त्याचा नंबर दे. मीच सांगते."

"सगळं सांगणार?"

"नंबर दे, मेट्रन."

मेट्रनने चिमणीचा फोन उघडून आकडे एकेक करून सांगितले. चिमणीने ते परत म्हणून दाखवले आणि फोन ठेवला.

बस निघाली. कारंजी बंद व्हायला आली होती, पण कंत्राटदाराने वेळेचं नाव काढलं नाही. उलट निघायच्या आधी तो पेट्रोलपंपावरून आजोबांसाठी चहा घेऊन आला होता. आजोबांनी तो घेतला आणि चिमणीच्या जागेवर बसून सावकाश प्यायले. बायको बरी आहे, उद्या भेटेल, हे नवरीने त्यांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी विचारलं, "अजून रागावलीय का?"

मेट्रन पुढे जाऊन बसली नाही. ती शेवटच्या रांगेत आजोबांच्या शेजारी बसली आणि घाट संपेपर्यंत चिमणीचा फोन हातात धरून राहिली. मग तिने मुलाचा नंबर लावला. बिझी. चिमणी बोलत होती तो मेहुण्याचा लावला. तोही बिझी. थोड्या वेळाने एक्सरेने स्वतःच्या फोनवरून दोन्ही लावून पाहिले.

हॉटेलच्या दारात बस थांबली, सामान उतरलं, खोल्यांच्या चाव्या वाटून झाल्या. दोन्ही नंबर अजून बिझीच येत होते.