कड्याची अक्षत

अंतरपाट धरलेला. हातात हार. दोन्हीकडचे मामा पाठीशी. गुरुजींनी दुसऱ्या मंगलाष्टकाला सूर लावलेला. आणि पाटावर उभी असलेली नवरी बोलली.

"कसलं इंजेक्शन?"

हरसूलच्या वरच्या अंगाला, त्या पाड्यावर, अंतरपाटाआडून नवरी बोललेली आजवर कुणी ऐकली नव्हती. गुरुजींचा सूर वरच अडकला आणि तिथेच लोंबत राहिला. बँडवाल्यांपैकी एकाला वाटलं झालं, लागलं लग्न, म्हणून त्याने ढोलावर एक दणका दिला आणि मग जीभ चावली.

सगळ्यांनी नवरीकडे पाहिलं. नवरदेवाच्या आईने, लंकाबाईने, स्वतःच्या नवऱ्याकडे पाहिलं.

पण त्याआधी म्हैस मेली होती. आणि म्हशीच्याही आधी पोहे झाले होते. तर पोह्यांपासून.

पोहे

इंदिरानगरला खंडेरावांच्या घरी मुलगी बघायला गेले तेव्हा लंकाबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. खंडेरावांचा झेंडूचा मळा आता निम्म्या बिल्डिंगांखाली गेला होता, उरलेल्या निम्म्यात अजून फुलं होती. मुलगी आली, पोहे ठेवले, समोर बसली. नाव हर्षाली, शिक्षण प्राणिशास्त्र.

"विचार ना काही," लंकाबाईचा नवरा रंगनाथ बायकोला म्हणाला.

स्वयंपाक येतो का, शेतात उतरशील का, हे सगळं लंकाबाईने घरून घोकून आणलं होतं. तोंडातून भलतंच गेलं.

"गिधाड पाह्यलंय का तू?"

खंडेरावांचा चमचा पोह्यात उभा राहिला. हर्षालीचे मात्र डोळे चमकले.

"पाहिलंय, काकू. कॉलेजकडून गेलो होतो एका कड्याखाली. तुम्हाला माहितीय, फाशीच्या रोगाने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेलं जनावर खाल्लं तरी त्यांना काही होत नाही? पिसाळलेलं खाल्लं तरी नाही. पोटातलं पाणीच असं जालीम असतं, जंतू आत गेला की विरघळला. डोकं टक्कल का, तर आत घातलं तरी घाण चिकटू नये. आणि स्वतःच्या पायांवर—"

"हर्षाली," आई म्हणाली.

"—स्वतःच्या पायांवर मुततात, काकू. मुद्दाम. पाय थंड राहतात, आणि सडक्यात उभं राहून लागलेले जंतूही मरतात, असं म्हणतात."

रंगनाथने हातातली बशी खाली ठेवली. नवरामुलगा योगेश ओठ दाबून हसू आवरत होता.

"हीच," लंकाबाई म्हणाली.

बाहेर पडताना रंगनाथ म्हणाला, "अगं, पोरीने मुतण्याची गोष्ट काढली, पोह्यावर!"

"माझ्या सासूनंतर पह्यल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं," लंकाबाई म्हणाली.

अक्षत

लंकाबाईच्या सासरी एक रीत होती. लग्नाची पहिली अक्षत देवाला, दुसरी कड्याला. गावामागच्या माळावर उभं राहायचं, कड्याकडे तोंड करायचं आणि पिवळे तांदूळ उधळून म्हणायचं: आमच्या घरी कार्य हाय, सहकुटुंब या. कड्यावर गिधाडं राहायची. गावात ढोर मेलं की ते माळावर टाकायचे, आणि पाणी तापेपर्यंत तिथे हाडांशिवाय काही उरायचं नाही. ती रोग खातात, असं सासू सांगायची. गावाचा रोग त्यांच्या पोटात जातो आणि तिथेच मरतो. मग अशा पाहुण्याला कार्यात विसरून कसं चालेल? म्हणून लग्नाच्या दिवशी जेवणाचं एक पान माळावरही जायचं. त्यावर काय वाढायचं ते ज्याच्या त्याच्या घरावर.

लंकाबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा मांडवावर आभाळभर गिधाडं फिरत होती. आता २००५ साल होतं आणि आभाळ रिकामं होतं. दोन-तीन वर्षांत माळावर कुणी उतरलं नव्हतं. ढोरं तिथेच फुगत, सडत. कुत्री माजली होती, आणि अंगावर येत होती. लोक म्हणायचे, गिधाडं दुसऱ्या देशी गेली. लंकाबाई म्हणायची, जातील कुठे, कुणी बोलवत नाय म्हणून येत नाय.

योगेशच्या लग्नाची अक्षत तिने स्वतः उधळली. मागून चुलतदीर केरूने आवाज दिला, "आक्का, पत्रिका पण टाक! आहेर आणू नये म्हणावं!"

"हस तू," ती म्हणाली. "येतील."

सोनं, साड्या, मानपान यातलं काही तिला नको होतं. या लग्नात तिला एवढंच हवं होतं. ते पाहुणे यावेत.

म्हैस

चंद्री हळदीच्या दिवशी मेली. म्हातारी म्हैस, आठवडाभर पायाने अधू झालेली. लंकाबाई रडली, मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "माळावर न्या."

"पुरू," रंगनाथ म्हणाला. "उद्या वऱ्हाड यायचं. वास सुटंल."

"पाहुण्यांना अक्षत दिली मी. पानावर काय वाढू, जिलेबी?"

ट्रॅक्टरने चंद्री माळावर गेली. रंगनाथ काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात कुणीतरी त्याच्या तोंडाला हळद फासली.

मांडव

आता आपण पुन्हा अंतरपाटापाशी आलो.

पहिलं मंगलाष्टक चालू असताना लंकाबाईचं लक्ष मांडवाबाहेर होतं. कड्याच्या माथ्यावरून एक ठिपका निघाला. घार असेल. मग दुसरा. घारीचे पंख असे दारासारखे सपाट नसतात. मग तिसरा, चौथा. लंकाबाईच्या छातीत सनई सुरू झाली. तिने शेजारच्या बाईला चिमटा काढला, ती बाई किंचाळली, लोकांना वाटलं आनंदाने.

ठिपके मोठे होत माळाच्या बाजूला वळले. सात होते. सहकुटुंब.

इकडे रंगनाथ व्याह्याच्या कानाशी लागला होता. चंद्रीचा विषय निघाला होता, आणि लग्नातल्या बापाला कशाचीही बढाई मारावीशी वाटते.

"हयगय नाय केली आपण, व्याही. डॉक्टर आणून इंजेक्शनं मारली, कालच्या सकाळपर्यंत. दुखणं थांबवायची. लय भारी औषध. तुमच्यासमोर दारात म्हैस उभी दिसावी म्हणून."

अंतरपाट कापडाचा असतो. आवाज अडवत नाही.

"कसलं इंजेक्शन?" नवरी म्हणाली.

रंगनाथ गडबडला. "दुखण्याचं."

"नाव काय, बाबा?"

"नाव? ही काय बाटली, पुन्हा तसलीच आणायची म्हणून ठेवली होती..." त्याने नव्या झब्ब्याच्या खिशातून रिकामी बाटली काढली. अंतरपाटाच्या बाजूने एक मेंदीचा हात आला आणि बाटली घेऊन गेला.

तिने लेबल वाचलं. मग:

"डायक्लोफिनॅक! आई! आई, म्हैस कुठाय?"

"माळावर," लंकाबाई म्हणाली. "आणि ते आलेत बघ! माझे पाहुणे आलेत!"

"आई, त्यांना ती खाऊ देऊ नका! फाशी पचते त्यांना, पिसाळलेलं पचतं, जगातला रोग पचतो. एवढं एक औषध नाही पचत. म्हैस खाल्ली तर ते सगळे मरतील. असेच तर मेले सगळे!"

लंकाबाईला सगळं समजायला एक श्वास लागला. दुसऱ्या श्वासाला ती मांडवाबाहेर होती.

माईकवरून

हॅलो. हॅलो. मी केरू बोलतोय. सर्व वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती, कुणीही जेवायला बसू नये. जेवण तयार आहे, तरी बसू नये. सर्वांनी माळाकडे पळावे. हॅलो. नवरीकडच्या मंडळींनी मंदिराच्या बाजूने पळावे, तिकडे काटे कमी आहेत. म्हातारी माणसं आणि गुरुजी सावकाश आले तरी चालेल. बँडवाल्यांनी बँडसह पळावे. वाजवत पळावे. जोरात. गाणं कोणतंही. हॅलो, देवराम, हातातलं काम ठेव. हॅलो, माझी चप्पल कुणी नेली?

पळणं

आणि मग सगळा मांडव पळाला, पुढे लंकाबाई नऊवारीचा काष्टा मारून, तिच्या मागे नवरी शालू गुडघ्यापर्यंत उचलून, मागे योगेश, ज्याचं बाशिंग एका डोळ्यावर आलेलं, त्याच्या मागे पाठीशी उभं राहायची सवय लागलेले दोन्ही मामा, खाली पडलेला अंतरपाट उचलून घेतलेले, त्यांच्या मागे खंडेराव, ज्यांना आपण का पळतोय हे ठाऊक नव्हतं पण पोरगी पळतेय म्हणजे बापाने पळायलाच हवं, त्यांच्या मागे पोटावर ढोल उडवत बँडवाले, आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक्टरवर रंगनाथ, फेटा सुटून मागे झेंड्यासारखा फडफडणारा, "माझ्याच खिशात! माझ्याच खिशात!" असं ओरडत.

गिधाडं उतरली होती. पण गिधाड कधी लगेच तुटून पडत नाही. आधी बसतं, मान आत घेतं, इकडे तिकडे बघतं, पहिला हात कोण घालतो याची वाट बघतं, अगदी व्याह्यांसारखं. चंद्रीभोवती सातही मानपान सांभाळून बसली होती. त्यांच्या या भिडस्तपणावर सगळं टिकून होतं.

एक जण उठला. दोन पावलं उडी मारत पुढे झाला. चोच खाली घातली.

"हाऽऽऽड!" लंकाबाई ओरडली.

ज्यांची वाट पाहण्यात वर्षं गेली, त्यांच्यावर ती स्वतःच्या तोंडाने ओरडली. मागून बँड फुटला, ढोल, ताशा, क्लॅरिनेट, प्रत्येकाचं गाणं वेगळं. सात जोड्या पंख उघडले, धूळ उठली, आणि पाहुणे आभाळात गेले.

हर्षाली म्हशीपाशी गुडघ्यावर बसली. वरून खालून पाहिलं. "फोडलेलं नाही, आई. कुठेच नाही."

केरूने मांडवाचं एक कापड उपसून आणलं होतं. ते चंद्रीवर पसरलं, दगड ठेवले. रंगनाथने ट्रॅक्टरला साखळी लावली आणि चंद्री गुलाबी झालरीत गुंडाळलेली, मोठ्या सन्मानाने, माळाच्या पलीकडे खड्ड्याकडे निघाली.

"पुरून येतो," तो मान खाली घालून म्हणाला. "खोल पुरतो."

लंकाबाई वर बघत होती. गिधाडं उंच गेली होती, घिरट्या मोठ्या होत होत्या. आणखी दोन घिरट्या, आणि मग कड्यापलीकडे.

"अक्षत देऊन बोलावलं," ती म्हणाली. "आणि पानावरून उठवलं."

तिचा आवाज असा आला की बँडवाल्यांनी टोप्या काढल्या.

मग ती गर्रकन वळली. "देवराम!"

देवराम आचारी. मांडवामागे तो संध्याकाळच्या घरच्या जेवणाचे बोकड करत होता. माईकवर नाव आलं म्हणून हातातला कोयता घेऊनच धावत आला होता.

"बोकड आण."

"आक्का, ते आपल्याला संध्याकाळी—"

"आपण पिठलं खाऊ. आण."

"एकाला हळद-मीठ लागलंय."

"त्यो राहू दे. अळणी उचल. डोकं, आतडी, सगळं आण." मग सुनेकडे वळून, जरा धास्तावून, "बोकडाला कसलं इंजेक्शन?"

"कसलंच नाय," देवराम म्हणाला. "माझ्या दारचा हाय. आजारी पडायची बी सवड मिळाली नाय त्याला."

कुजबुज

बोकड माळाच्या मधोमध ठेवला. पळसाच्या पानांवर, कारण लंकाबाईने हट्ट धरला. हर्षालीने सगळ्यांना बांधाआड बसवलं: माणसं दिसली तर ते उतरणार नाहीत, बोलायचं नाही, हलायचं नाही, क्लॅरिनेटवर ऊन चमकतंय, ते झाका.

मग सगळं लग्न बांधाआड उकिडवं बसलं. शालू, फेटे, ढोल, मामा. करवल्या एकमेकींच्या तोंडावर हात ठेवून हसू दाबत होत्या. तेवढ्यात धापा टाकत गुरुजी पोचले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि नुसत्या ओठांनी म्हणाले, "मुहूर्त चाललाय."

लंकाबाई म्हणाली, "लावा इथंच. पण हळू."

असं लग्न कुणी लावलं नसेल. मामांनी अंतरपाट बसल्या बसल्या धरला. नवरा-नवरी गुडघ्यांवर. गुरुजींनी मंगलाष्टकं कुजबुजत म्हटली, बाळाला झोपवताना म्हणावीत तशी. दर कडव्याला सगळ्या वऱ्हाडाने श्वासाच्या आवाजात "सावधान" म्हटलं. अक्षता फेकल्या नाहीत, पुढच्याच्या डोक्यावर हळूच ठेवल्या. लंकाबाई बांधाच्या फटीला डोळा लावून होती.

घिरट्या आकसल्या. एक सावली माळावरून सरकली.

"आला," ती म्हणाली. आवाज न करता.

पहिला उतरला. बसला. मान आत घेतली. इकडे तिकडे पाहिलं. मग बाकीचे उतरले. बसले. भिडस्त मेले. कुणी हात घालेना.

"घ्या ना," लंकाबाई फटीतून कुजबुजली. "लाजू नका. आपलंच घर हाय. घ्या, अळणी हाय पण ताजं हाय. घ्या हो, माझी शपथ."

गुरुजींनी अखेरचं "शुभ मंगल सावधान" ओठांतल्या ओठांत म्हटलं. अंतरपाट सरकला. आणि त्याच घटकेला माळावरच्या सगळ्यात म्हाताऱ्याने पहिला घास तोडला.

मग जे झालं त्याला पंगत हा शब्द कमी पडतो. ओढाओढ, ढकलाढकल, एकाच्या पाठीवर दुसरा, फुसफुस, शिट्ट्या. बांधाआड वऱ्हाड एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून बघत होतं, आणि खंडेराव डोळे पुसत होते, धुळीने असेल.

"नाव घे," करवल्यांनी हर्षालीला कोपराने ढोसलं. "हळू घे."

हर्षालीने योगेशकडे पाहिलं. त्याचं बाशिंग अजून वाकडंच होतं.

"कड्यावर घर त्यांचं," ती कुजबुजली, "माळावर पान. योगेशरावांचं नाव घेते, राखून गिधाडांचा मान."

हसू आवरता आवरता एका बँडवाल्याला उचकी लागली.

जेवण आटोपायला वेळ लागला नाही. पळसाच्या पानांवर नुसती हाडं. आता पाहुण्यांना उडता येईना. इतकं खाल्लं होतं की पहिला धावला, डुलत, पंख फडकवत, बराच लांब, लग्नातून परतणाऱ्या जड व्याह्यासारखा, आणि कसाबसा जमिनीवरून सुटला. मग दुसरा. लंकाबाई एकेक बोट दुमडत मोजत होती. सहावा उठला. सातवा बसूनच होता. तिचं बोट हवेत थांबलं. हर्षालीने तिचा दंड धरला.

सातव्याने मान झटकली. सावकाश, अगदी बेफिकीर, आपल्या दोन्ही पायांवर मुतला. मग धावला आणि उडाला.

"सात!" लंकाबाई ओरडली, आता पूर्ण आवाजात, आणि वळून बँडला म्हणाली, "वाजवा रे!"