जामीन कोण राहणार

जामीन मंजूर झाला हे ऐकून ताईने कोर्टाच्या व्हरांड्यातच हात जोडले. वकिलाने तिला लगेच जमिनीवर आणलं. "मंजूर झाला म्हणजे सुटला असं नाही. एक तर रक्कम भरा, नाहीतर पक्क्या नोकरीतला कुणीतरी जामीन उभा करा. तोवर तुमचा भाऊ आतच."

धाकटा भाऊ रंगारी होता. ठेकेदाराने मजुरी बुडवली, वर तोंडाला येईल ते बोलला. याने रंगाचा डबा उचलून त्याच्या केबिनच्या काचेवर भिरकावला. काच फुटली आणि आत बसलेल्या ठेकेदाराच्या कपाळाला खोक पडली.

आईबाप गेल्यापासून त्याला ताईनेच वाढवलेलं. ती फर्निचरच्या दुकानासाठी पडदे शिवायची. विकण्यासारखं घरात काही असेल तर ते शिलाई मशीन, आणि तेच विकलं तर सुटून आलेल्याला खायला काय घालायचं? मामाकडे गेली, तर मामा म्हणाले, "राहू दे थोडे दिवस आत. अक्कल येईल." चुलत भाऊ फोनच उचलेना.

पक्क्या नोकरीतला आणखी एकच माणूस तिच्या माहितीत होता. पाणीखात्यात मीटर वाचायला होता तो. कधीकाळी तिचा नवरा. आणि त्यांची काडीमोड झाली होती ती या धाकट्यापायीच. "हा पोरगा एक दिवस आपल्याला रस्त्यावर आणणार," असं तो म्हणायचा. एकदा धाकट्याने त्याची कॉलर धरली आणि दोघांतल्या एकाला घर सोडावं लागणार, हे ठरून गेलं. ताईने भावाला सोडलं नाही.

दार त्याच्या बायकोने उघडलं. तो मागून आला. त्याला आता काय म्हणून हाक मारायची हेच ताईला कळेना. 'अहो' म्हणायचा हक्क गेलेला, नावाने हाक कधी मारलेली नाही. तिने हाक न मारताच सगळं सांगून टाकलं.

"मी तेव्हाच म्हणालो होतो," तो म्हणाला.

"हो."

"तरी माझ्याच दारात आलीस?"

"दुसरं दार उरलं नाही."

त्याने दारातल्या चपला पायानेच सरळ केल्या. "आणि तो पळाला तर? पैसे माझ्या पगारातून जाणार."

पळणार नाही, असं छातीठोकपणे सांगायला ती तोंड उघडणार होती. पण डबा फेकेल असंही तिला कधी वाटलं नव्हतं. "पळाला तर त्याचा कान धरून मी आणीन," ती म्हणाली. "याहून जास्त काही माझ्या हातात नाही."

आतून बायकोचा आवाज आला, "कधी जायचंय तेवढं विचारून घ्या."

दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टात आला. कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

तो क्षणभर घुटमळला. "मेहुणा," म्हणाला.

ताई खिडकीबाहेर बघायला लागली. कायद्याने मोडलेलं नातं त्याने कायद्याच्याच टेबलावर ठेवलं होतं. खोटं म्हणावं तर खोटं, पण आठवडाभरात तिने ऐकलेल्या सगळ्या खऱ्या बोलण्यापेक्षा तेच तिला जवळचं वाटलं.

संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकातून धाकटा बाहेर आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. ताईशेजारी कोण उभं आहे ते पाहून तो जागीच थांबला.

"यांच्याकडे कशाला गेलीस? मी आत सडलो असतो!"

"सडायला तुझं काय जातंय?" ताई म्हणाली. "भेटीच्या रांगेत मी उभी राहायची."

तो माणूस धाकट्याला एवढंच म्हणाला, "तारीख चुकवू नकोस." आणि बस पकडायला निघून गेला.

खटला वर्षभर रेंगाळला. धाकट्याने एकही तारीख चुकवली नाही. एकदा तर अंगात ताप असताना गेला. शेवटी तडजोड झाली. बुडवलेली मजुरी ठेकेदाराच्या औषधपाण्यात आणि काचेत वळती झाली, हातात काही आलं नाही. पण मान मोकळी झाली, त्याची आणि जामीनदाराचीही.

"त्यांना सांगायला हवं," धाकटा म्हणाला. ताई पदराला हात पुसत उठली, तर म्हणाला, "तू नको. मीच जातो."

परत आला तो अंधार पडल्यावर.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"बस म्हणाले."

"मग?"

"बसलो."

ताईने त्याचं ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली.