कोम्प्रोचा जोर

कापसाच्या तेजीत मातेओ नावाचा स्पेनचा व्यापारी अमरावतीच्या बाजारात आला. त्याचा दलाल अब्दुल सत्तार. दोघं मोडक्या हिंदुस्थानीत बोलत, पण घाईत मातेओच्या तोंडी त्याचीच भाषा येई.

नत्थुजी या शेतकऱ्याची कापसाची गाडी पाहून तो "कोम्प्रो" म्हणाला आणि सत्तारनं कापूस उतरवून घेतला. पुढच्या गाडीलाही तो "कोम्प्रो"च म्हणाला, पण उतरवू देईना. शेजारच्या व्यापाऱ्याकडं बोट दाखवू लागला.

"हे कावून? शब्द तं तोच हाय!" नत्थुजी म्हणाले.

सत्तारनं मातेओला दोन्ही पुन्हा म्हणायला लावलं. आता फरक कानाला लागला. 'कोम्'वर जोर दिला की 'मी घेतो', 'प्रो'वर दिला की 'त्यानं घेतलं'.

सत्तारला गंमत वाटली. काट्याकडं बोट करून त्यानं 'मी तोलतो'चा शब्द विचारला.

"पेसो," मातेओ 'पे'वर जोर देत म्हणाला.

सत्तारनं जोर 'सो'वर नेला. "त्यानं तोललं?"

"बराबर!"

मग विकण्याचा शब्द आला, 'बेंदो'. सत्तारनं पुन्हा जोर शेवटी नेला, तर मातेओ हसला. "नहीं. बेंदिओ."

"आता हा 'दि' कुठून आला?" म्हणत सत्तारनं कापसाच्या गाठीवर बैठक मारली. "बसा नत्थुजी. हे समजल्याबिगर मी काई उठत नाई."