इस्त्रीच्या कांबळ्यावरचा लॅपटॉप

मी लॅपटॉप बोलतोय. गेम खेळायचा, अंगानं जाडजूड, कीबोर्डखाली लाल दिवे असलेला. शपथेवर सांगतो, पुढे जे सांगणार आहे त्यात तिळाएवढंही खोटं नाही. माझ्या दोन्ही पंख्यांची शपथ! आता त्यातला एक पंखा पुढे बदलला, तेव्हा ती शपथ अर्धीच धरा. आणि खोटं अजिबातच नाही असंही नाही. आमटीत मीठ असतं तेवढं आहे. ते कुठे पडलं, हे शेवटी सांगेन.

दुकानातल्या काचेच्या कपाटात मी ऐटीत बसलो होतो. शेजारचे हिशेबी, सडपातळ लॅपटॉप माझ्याकडे बघून पडदे मिटून घ्यायचे. (हे मीठ नव्हे, ही फोडणी.) मला घरी नेलं उंच्यानं.

उंच्या हे त्याचं नाव नव्हे. तो उंच होता आणि उंचावर काम करायचा, म्हणून सोबतच्या रंगाऱ्यांनी ठेवलेलं. मोठमोठ्या इमारतींना बाहेरून, दोराला टांगलेल्या फळीवर बसून रंग द्यायचा. संध्याकाळी घरी आला की बोटं घासूनघासून धुवायचा आणि मगच मला हात लावायचा. तरी नखांच्या कडेला कुठला ना कुठला रंग राहायचाच. आज कोणत्या रंगाची इमारत झाली, ते मला त्या नखांवरून कळायचं.

मग एके दिवशी ती नखं आलीच नाहीत. कितीतरी दिवस कुणीच आलं नाही. फळी घसरली होती.

तो परत आला तो पलंगावरच. आईनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, "डॉक्टरांनी पायात सुई टोचली गं, आणि हा आपला खिडकीबाहेर बघत होता." कमरेखाली त्याला काहीच कळेनासं झालं होतं.

आधी मला पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं. पण एका अंगावर वळून त्याला फार वेळ बसवेना. शेवटी म्हणाला, "आई, दे तो मांडीवर. मांडी आहे तिथंच, हे निदान डोळ्यांना तरी कळू दे."

ही आई म्हणजे इस्त्रीवाली. बाहेरच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर चौपदरी कांबळं, आणि दिवसभर लोकांच्या कपड्यांचे ढीग. अख्ख्या गल्लीत तिची ख्याती अशी की हिच्या हातून कधी कुणाच्या कपड्यावर डाग पडला नाही. तिनं मला पहिल्यांदा हात लावला तेव्हा चटकन मागे घेतला.

"अगं बाई! ही तर माझ्या इस्त्रीची धाकटी बहीण! आणि ही तू अंगावर घेऊन बसतोस?"

"मला कुठं लागतंय?"

"लागत नाही, म्हणून तर भीती." ती बाहेर गेली, टेबलावरचं जादाचं कांबळं घेऊन आली, घडी घालून त्याच्या मांड्यांवर पसरलं आणि त्यावर मला ठेवलं. "हं. आता तापू दे काय तापायचं ते. याच्यातून झळ खाली जात नाही. आयुष्य गेलंय माझं यात."

खरंच जात नव्हती. पण आईला एक ठाऊक नव्हतं. इस्त्री श्वास घेत नाही, मी घेतो. माझी नाकं पोटाखाली. त्या मऊ कांबळ्यात मी तोंड खुपसून पडलो की हवा मिळायची बंद. मग अंग असं तापायचं की जीव वाचवायला मी झटकन बंदच पडायचो. ना निरोप, ना राम राम.

आणि नेमका मोक्याच्या वेळी. उंच्याचा एक संघ होता. दूरदूरची माणसं, कानातल्या आवाजापुरती ओळख. त्यांच्या गेममध्ये गच्च्यांवरून उड्या मारत पळायचं असे, आणि सगळ्यांत पुढे कोण? आमचे उंच्याराव! तिथं त्याचे पाय कुणाला ऐकत नसत. संघातल्या कुणालाही त्यानं फळीची गोष्ट सांगितली नव्हती.

कप्तान होती एक मुलगी, जिभेवर लवंगी मिरची ठेवून बोलणारी. "काय रे उंच्या, माणूस आहेस की विझणारी मेणबत्ती? परवा गच्चीच्या काठावर होतास, बघते तर गायब! अंतिम सामन्यात असं केलंस तर तुझ्या जागी दुसरा घेणार. आधीच सांगून ठेवते."

"नाही होणार," उंच्या म्हणाला. कानातलं काढून त्यानं मला बंद केलं आणि माझ्या काळ्या पडद्याकडे बघत बसला. त्यात त्याला तो स्वतःच दिसत होता, पलंगावरचा.

मग सुरू झाले उपचार. त्यानं गेममधली चित्रं साधी केली, मागे चालणारी कामं बंद केली, सगळं पुसून नव्यानं भरलं. मी थोडा जास्त टिकलो आणि पुन्हा पडलो. तेवढ्यात आले मामा. आईचे धाकटे भाऊ, बस चालवायचे. जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे बसच, अशी त्यांची ठाम समजूत.

"गाडी गरम होते म्हणजे पाणी संपलं," त्यांनी निदान केलं. पाणी घालायची सोय सापडेना, तेव्हा मला उचलून फ्रिजमध्ये ठेवलं. एका बाजूला दुधाचं पातेलं, दुसऱ्या बाजूला अर्धी चिरलेली काकडी. काकडी म्हणाली, "तुम्हालाही उरलेलं म्हणून ठेवलंय का?" बाहेर काढलं तेव्हा मला दरदरून घाम फुटलेला.

"मामा, मेला असता तो!"

"मेला नाही ना? मग झालं! उद्या नेतो दुरुस्तीवाल्याकडे."

दुरुस्तीवाल्यानं माझं पोट उघडलं आणि कांबळ्याच्या लोकरीचा गोळा चिमट्यानं बाहेर काढला. एक पंखा बदलला, आतली उष्णता ओढून घेणारी, पण वाळून कोरडी पडलेली पेस्ट खरवडून नवी लावली. बरं वाटलं हो! नाक मोकळं झाल्यावर माणसाला वाटतं ना, अगदी तसं.

"कुठं ठेवून वापरतात?" त्यानं विचारलं.

"मांडीवर. खाली कांबळं घालून," मामा म्हणाले.

"मग बरोबर. ते कांबळं आधी काढा."

"चटका नाही का बसणार?"

"बसला की माणूस आपण होऊन उचलतो. त्याची कशाला काळजी?"

मामांनी मान डोलावली. पायांबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही. चारचौघांत ते कुणालाच सांगत नसत. भाच्याचं नाव निघालं की म्हणायचे, "मजेत आहे."

घरी आल्यावर कांबळ्यावरून जुंपली.

"अजिबात नाही काढणार," आई म्हणाली.

"ताई, तो यातला डॉक्टर आहे! हेच कांबळं मशीनचा गळा दाबतंय."

"आणि याच्या कातडीचं काय?"

"आई," उंच्या हळूच म्हणाला, "हा एकच सामना. मला पुन्हा मधेच नाहीसं नाही गं व्हायचं."

मग आईनं ती आयुष्यभर करत आली तेच केलं. बोट जिभेला लावलं आणि माझ्या पोटाला टेकवलं. इस्त्रीची परीक्षा असतेच तशी. चुर्र झालं नाही, वाफ उठली नाही.

"कोमट आहे," ती म्हणाली, आणि कांबळं काढून घेतलं.

तेव्हा मी कोमटच होतो. इस्त्री आधी तापते आणि मग कामाला लागते. मी काम करता करता तापतो. हे तिला कोण सांगणार? मला तोंड कुठं आहे?

सामना सुरू झाला. उंच्या वाऱ्यासारखा सुटला. एक गच्ची, दुसरी गच्ची, मागे राहिलेल्यांना हाका. "पळ रे माझ्या राजा!" कप्तान कानात ओरडत होती. तिनं कुणाला राजा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझे पंखे मोकळेपणानं घुमत होते. आणि पोटाखाली त्याच्या उघड्या मांड्या होत्या, निपचित. त्या तापू लागल्याचं मला कळलं. त्याला नाही.

पंखे जोरात फिरवून मी आरडाओरडा केला. त्याच्या कानात कप्तान होती. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा लाल केला. त्याची नजर पुढच्या गच्चीवर होती. मग मी ठरवलं. ज्या बंद पडण्यानं त्याला इतका मनस्ताप दिला, तेच शेवटचं एकदा करायचं. आलेली वीज गिळली, डोळे मिटले आणि विझलो. तो मला शिव्या घालत राहिला, आई धावत आली, मला उचललं. कातडी नुसती गुलाबी झाली होती. थोडक्यात निभावलं.

आता मी कपाटावर असतो. त्याच कांबळ्यात गुंडाळलेला. आई त्या कांबळ्यावर आता इस्त्री करत नाही. चार्जर कुठं आहे ते कुणी विचारत नाही. खाली उंच्या असतो, छताकडे बघत. कधी कानावर येतं, "आई, त्याला एकदा खाली काढ ना." आई इस्त्री तेवढी जरा जोरात आपटते. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला लाकडावर ठेवा, नाक मोकळं ठेवा. आणि कुणाच्या मांडीवर देण्याआधी त्या माणसाला एकदा नीट विचारा.

तुम्ही म्हणाल, एवढा जीव वाचवलास तर तुला कपाटावर का टाकलं?

मिठाचं राहिलंच. फ्रिजमधली काकडी बोलली, ते खरं धरलंत तरी चालेल. खोटं एवढंच, की मी विझलो.

दुरुस्ती फार चांगली झाली होती हो. मी सामना संपेपर्यंत चाललो, आणि जन्मात कधी चाललो नव्हतो इतका छान. ते जिंकले. उंच्यानं असा आनंदानं ओरडा केला की आई हातातला सदरा टाकून धावत आली, त्याला मिठी मारायला तिनं मला बाजूला केलं, आणि तिथंच थांबली. त्याच्या दोन्ही मांड्यांवर माझ्या पोटाच्या जाळीच्या रेघा उमटल्या होत्या, तपकिरी, पांढऱ्या कापडावर इस्त्री विसरली की उमटतात तशा.

"आई, रडू नकोस गं," तो म्हणत होता. "दुखत नाहीये. खरंच, काही दुखत नाहीये."