मिस्त्री थांबा

श्रीपतराव वरुट्यांच्या गाडीचा ब्रेक दाबला की गाडी थांबत नाही, समोरचा माणूस थांबतो. पेडलवरचा पाय उचलला की तो माणूस पुन्हा चालू लागतो. गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची, हिरवी, लांब नाकाची. तिचे ब्रेक तेलावर चालत नाहीत. पेडलपासून चारही चाकांपर्यंत लोखंडी सळया गेलेल्या आहेत. पेडल दाबलं की सळई ओढली जाते आणि चाकातले शू पसरून ड्रमला आतून धरतात. ती गाडी गावातून निघाली की रस्त्यावरची माणसं जागच्या जागी उभी राहतात. आमच्या गावात त्याला मान म्हणतात.

माझा नवरा मारुती मिस्त्री गाडीसमोर मान म्हणून कधी थांबला नाही. एकदा खिंडीच्या उतारावर तो रस्ता ओलांडत होता. वरून गाडी आली. त्यानं वळून पाहिलं आणि चालतच राहिला. श्रीपतरावांनी पेडलवर अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा मारुती एक पाय उचललेला असतानाच थांबला. गाडी त्याला वळसा घालून खाली गेली. पेडल सोडल्यावरही मारुती सुटला नाही, कारण पुढच्या डाव्या चाकातला शू अडकून बसला होता. चाक फिरत राहिलं, शू धरून राहिला.

गाव जमलं. श्रीपतराव म्हणाले, "ब्रेक लागला. त्याला मी काय करनार?"

"लागला न्हाई," मी म्हणाले. "लावलासा."

सगळे उभेच होते.

तेव्हापासून मारुती तिथं आहे. तो अजून तरुण आहे, मी म्हातारी झाले. रस्ता त्याच्या बाजूनं वळवून घेतला. एस.टी. त्याच्यापाशी थांबते आणि तिथं 'मिस्त्री थांबा' अशी पाटी आहे. मी अक्षरं उशिरा शिकले, ती त्या पाटीखाली बसून. त्याच्या अंगावरची धूळ झटकायची, डोक्यावरचा कावळा उडवायचा, मग त्याच्या गाड्या दुरुस्तीच्या शेडवर यायचं आणि त्याचं काम करायचं, असं माझं चाललं होतं. गावातले ब्रेक मीच करते.

यंदा श्रीपतराव स्वतः शेडवर आले.

"मिस्त्रीण, नवरा हाय न्हवं जागेवर?"

"हाय की. तुमच्या कृपेनं."

"मग बरं हाय तुझं. बाकीच्या बायकांस्नी इचार, नवरा कुठं हाय त्ये त्यास्नी ठावं नसतंय."

बरोबरची माणसं हसली. त्यांना बाहेर पाठवून श्रीपतराव पाटावर बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. ब्रेक ढिला झाला होता. लोक अर्धवटच थांबत होते.

"परवा एक बाई गाडीम्होरनं केळं सोलत गेली. सोलत. माझ्याकडं बघत." त्यांनी घाम पुसला. "पंचाहत्तरीची मिरवणूक हाय. सगळं गाव एका दाबात थांबाय पायजे. रुंद कर, नवं कर, काय लागंल त्ये कर."

"तेलाचा ब्रेक बसवू?"

"नगं. तेल झिरपतंय. सळई सांगितल्यालं ऐकती."

मी काम घेतलं. मला त्यांना मारायचं नव्हतं, थांबवायचं होतं. मारुतीसारखं, पुरतं, डोळे उघडे असताना.

त्याच दिवशी पुढचं डावं चाक खोलून अडकलेला शू काढला असता तर मारुती सुटला असता. मी ते चाक खोललं नाही. घरी आला असता तर त्यानं मला हे करू दिलं नसतं.

बाकीचे ड्रम काढले. आतून त्यांना चर पडले होते आणि त्या चरांमध्ये आजवर थांबलेल्या माणसांची अर्धी राहिलेली बोलणी होती. मदतीला आलेल्या दादू शिकलगारानं ड्रम लेथवर चढवले. पातं लागलं तशी ती बोलणी लोखंडाच्या किसाबरोबर खाली पडू लागली. 'दोन जुड्या', 'मग ती म्हणाली की', 'अगं दार'. दादूनं त्यातलं एक उचलून उजेडात धरलं.

"वैनी, ह्ये माझं हाय. साखर कमी टाक म्हनत हुतो. तवापास्नं च्या ग्वाडच मिळतोय बघा."

"ठेव मग खिशात."

"आता काय उपेग. डाक्टरनं च्याच बंद केलाय."

चाकात दोन शू असतात. पुढं जाणारं चाक एकाला आपल्याबरोबर ओढतं, म्हणून तो आपणहून आवळत जातो. दुसऱ्याला तेच चाक मागं लोटतं, म्हणून तो निम्म्याच जोरानं धरतो. मी दोन्ही शू त्या आवळत जाणाऱ्या शूसारखे बसवले. शूवरचे घासणारे पट्टे, लायनर, रुंद घेतले आणि तांब्याच्या रिबिटांनी ठोकले. असा ब्रेक एकदा लागला की पाय उचलून सुटत नाही. चाक पुढं जाईल तसा तो घट्ट होत जातो आणि चाक मागं फिरवलं तरच सुटतो. उतारावर सुटलेली गाडी मागं जात नाही.

पहिलं चाक झाल्यावर मी त्याची सळई ओढून पाहिली. दादू समोर बीडी ओढत बसला होता.

"आमच्या थोरल्या सुनंचं काय हाय," तो म्हणाला आणि थांबला.

मी सळई सोडली. तो तसाच होता. मी चहा केला आणि सावकाश प्याले. मग चाक हातानं मागं फिरवलं.

"तिला मीठच कळत न्हाई," दादू म्हणाला. त्यानं बोटांकडं पाहिलं. "इझली कवा ही?"

यानंतर मी सळयांची जोडणी उलटी केली. आजवर ब्रेकची ओढ गाडीच्या पुढं जायची, आता ती गाडीच्या आत येऊ लागली. जो आत बसेल त्याला ती धरणार होती. पण शेडही त्या ओढीत येऊ लागली. सळई आवळली की नळाचा थेंब तोटीला लटकून राहायचा. दार अर्धं मिटून थांबायचं, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडं जास्त मिटलेलं असायचं. एकदा माझी करंगळी थांबली, मग पंजा थांबला. दुसऱ्या हातानं चाक मागं फिरवून मी तो सोडवून घेतला. दादू म्हणाला, "वैनी, बास करा, लई आवळलाय." मी आणखी एक आटा आवळला.

पुढच्या डाव्या चाकातल्या त्या अडकलेल्या शूची पिन मी बाहेरूनच सैल केली. पेडलवर भार आला की ती निसटणार होती. मारुती सुटणार आणि श्रीपतराव अडकणार, दोन्ही एका दाबात. हे मारुतीसमोरच व्हायला हवं होतं.

"खिंडीच्या उतारावर बघा," मी श्रीपतरावांना सांगितलं. "तिथं खरं काय त्ये कळंल. मी खाली थांबते."

त्यांनी शेजारचं दार उघडलं.

"बस."

"मी कशाला?"

"मारुती काय म्हनायचा? ज्येनं ब्रेक केला त्येनं पयल्यांदा गाडीत बसायचं. त्येचीच रीत न्हवं ही? का तुझाच तुझ्यावर इस्वास न्हाई?"

रीत त्याचीच होती. बसले नसते तर श्रीपतरावांनी पेडलला पाय लावला नसता. आणि दुसऱ्या कुणाकडून गाडी पुन्हा खोलून घेतली असती. दादूनं माझ्याकडं पाहून मान हलवली, नको म्हणून. मी बसले.

गाडी उताराला लागली. खाली पाटी दिसत होती आणि पाटीशेजारी एक पाय वर असलेला मारुती.

"बघ, अजून कसा तरणाबांड हाय," श्रीपतराव म्हणाले. "न्हाईतर तुझ्यासारखा वाळून ग्येला असता. माझं उपकार मान."

"दाबा," मी म्हणाले.

त्यांनी पेडल दाबलं. पिन रस्त्यावर पडल्याचा बारीक आवाज आला.

ब्रेक आधी त्यांना लागला. हसू निम्म्यावर आलेलं होतं, ते तिथंच राहिलं. एक माशी त्यांच्या खालच्या ओठावर बसली, आत जाऊन आली, पुन्हा बसली. त्यांची बुबुळं माशीकडं वळली नाहीत. पण त्यांना माशी कळत होती, हे मला स्पष्ट दिसलं. मी ते पोटभर पाहिलं. मला पाहिजे होतं ते एवढंच, आणि ते पुरेपूर मिळालं.

मग पायांकडून माझंही अंग धरत आलं. मान धरायच्या आत मी ती पुढं वळवली.

मारुतीनं पाय खाली टेकवला होता. तो थोडा लंगडला, गाल खाजवला आणि रस्त्याच्या मधोमध आला. गाडी खाली चालली आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला माझ्या बरगड्या आवळत आहेत आणि उतार संपत नाही. 'बाजूला हो' म्हणायला, त्यातल्या 'ब'साठी, माझे ओठ मिटले आहेत, ते आता उघडत नाहीत. मारुती माझ्याकडं पाहत नाही. तो चाकांकडं पाहतो आहे. ब्रेक दाबलेला आहे आणि चाकं फिरत आहेत, हे मिस्त्रीला लांबूनच ऐकू येतं. त्यानं हात पँटला पुसले. मग ब्रेकचा आवाज तपासायला मिस्त्री बसतो तसा तो रस्त्यावर उकिडवा बसला आणि पुढच्या डाव्या चाकाच्या दिशेनं कान करून गाडी जवळ यायची वाट पाहतो आहे.