हौदातली खडशी

मी खडशी बोलतेय. खडशी म्हणजे नदीतला मोठा मासा. शहरातले लोक मला महसीर म्हणतात. आता नदीतली खडशी गुरांच्या हौदात काय करतेय, असं तुम्ही विचाराल. अहो, मीही तेच विचारतेय, आणि माझं डोकं फिरायची वेळ आलीय!

माझा जन्म भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला, वेळवंडीच्या डोहातला. खळाळत्या पाण्यात उलटं पोहायचं, दगडांवरचं शेवाळ खायचं, काठावरचं उंबर पाण्यात पडलं की सगळ्या बहिणींनी त्यावर तुटून पडायचं. काय सुख होतं म्हणून सांगू!

मग माणसं डोहात जिलेटीन उडवायला लागली. धडाम्! की थोरामोठ्यांपासून पिल्लांपर्यंत सगळे पोटं वर करून तरंगायचे. माणसं हवे तेवढे उचलायची, बाकीचे तिथंच कुजायचे. माणसाला भूक किती आणि हाव किती, हे मला अजून कळलेलं नाही.

डोहाजवळ राहणारे याकूबभाई ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्यांनी सभेत ठराव मांडला, की नदीत जिलेटीन बंद आणि खडशी धरणं बंद. चिमाजी नावाचे दुसरे सदस्य, जत्रेला पाहुण्यांना माशाचं जेवण घालणारे, खो खो हसले.

"खडशी ऱ्हायलीय कुठं? कवाच संपली. नसलेल्या माशासाठी हात वर करायचा व्हय?"

झालं! याकूबभाईंना ते झोंबलं. त्यांनी मला जाळ्यात धरलं, पाण्याच्या पिंपात घातलं आणि टेम्पोतून पंचायतीसमोरच्या या हौदात आणून सोडलं. मी भीतीनं अर्धमेली झाले होते. "घाबरू नगंस बाई," ते म्हणाले, "मतदान झालं की सांजच्याला परत डोहात."

सगळे सदस्य हौदाभोवती जमले. "अगं बया, केवढी ही!" सरपंच कुंदाताई म्हणाल्या. या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव होतं, म्हणून घरच्यांनी त्यांना उभं केलं होतं. आत मतदान झालं. तीन हात इकडं, तीन तिकडं. बरोबरी झाली, म्हणजे आता सरपंचाचं मत. दारात उभे असलेले कुंदाताईंचे यजमान 'नको, नको' म्हणून मान हलवत होते. बाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ हात वर केला आणि ठराव पास! शाबास गं बाई, मी हौदात एक उडीच मारली.

चिमाजी हरले, पण हटले नाहीत. "मग नीट लिवा. खडशीला कुणीबी हात लावायचा न्हाई. धरायची न्हाई, हालवायची न्हाई, सदस्य असला तरी न्हाई. लावंल त्याचं नाव भाईरच्या फळ्यावर!" जिंकल्याच्या भरात सगळे "मंजूर, मंजूर" ओरडले. याकूबभाई सगळ्यांत मोठ्यानं ओरडले.

मग ते पिंप घेऊन माझ्याकडे आले.

"थांबा!" चिमाजी म्हणाले. "आत्ताच ठरलंय नव्हं?"

लोक हसले. मग एकेकाच्या ध्यानात आलं, मला हौदातून उचलणं म्हणजेही हात लावणंच.

"लिवा माझं नाव फळ्यावर," याकूबभाई म्हणाले. "म्या सोडून येतो तिला."

कुंदाताई रडवेल्या झाल्या. "याकूबभाई, पयलाच ठराव हाय ह्यो. आज आपुनच मोडला, तर उद्या जिलेटीनवाल्याला कोणच्या तोंडानं अडवू?"

याकूबभाईंनी पिंप तिथंच खाली ठेवलं. पुढच्या सभेत ठराव दुरुस्त करायचं ठरलं. पण आमच्या बाजूचे एक सदस्य नेमके लेकीच्या बाळंतपणाला किकवीला गेलेले, आणि दोन विरुद्ध तीन, एका हातानं दुरुस्ती पडली; बरोबरी नव्हती, म्हणून कुंदाताईंचं मत लागलंच नाही.

तेव्हापासून मी इथंच आहे. याकूबभाईंच्या घरातून अजीजुन्निसाभाभी रोज येतात, घागरीनं ताजं पाणी ओततात आणि माझी माफी मागतात. येणारे-जाणारे कणकेचे गोळे टाकतात. पोहायला लागावं तर लगेच भिंत येते. वळावं तर दुसरी भिंत. सिमेंटला घासून माझं नाक सोललंय.

खोटं का बोलू, ठराव चांगला आहे. डोहात आता धडाका होत नाही. गुरं पाण्यावर आणणारे सोनबा परवा सांगत होते, पिल्लांची झुंबड दिसतेय म्हणून. ऐकून माझा जीव सुखावला. पण माझ्या पोटात अंडी आहेत हो! आषाढात नदी वाढली की आम्ही वर चढतो, खळाळत्या पाण्यात अंडी घालतो. या हौदात खळाळ कुठून आणू? पुढची सभा आषाढ उलटल्यावर आहे.

कुंदाताई रोज संध्याकाळी येऊन काठावर बसतात. काल त्यांनी बाह्या सावरल्या, हात पाण्यापर्यंत आणला आणि फळ्याकडे बघून मागे घेतला. मी त्यांच्या बोटांपाशीच होते.

कुंदाताई, याकूबभाई, नाहीतर वाचणारे तुम्ही, कुणीही या. फळ्यावर तुमचं नाव लागेल, चिमाजी ते चार गावांत सांगत फिरतील. फिरू देत. ठराव मोडल्याची जी शिक्षा असेल ती घ्या, म्हणजे ठरावही राहील आणि माझी लेकरंही त्याच्याच राखणीत वाढतील. पण आता मला उचला. माझ्याच्यानं फार दिवस निघणार नाहीत.